ठोंब्याची शिकवणी

१

पोपट आणायची कल्पना धाकटीची. धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण. ती दुसऱ्या गावी, नवरा-मुलांच्या गराड्यात, आणि कल्पना तिला नेहमी फोनवर सुचायच्या.

"बाबांना सोबत होईल गं. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात बिचारे. आणि कुणास ठाऊक, त्याचं ऐकून ऐकून तेही बोलायला लागतील."

थोरलीनं वाद घातला नाही. वादाला दम लागतो. तो दोन वर्षांपूर्वी, बाबांना झटका आला त्या महिन्यातच संपला होता. बाबांची उजवी बाजू गेली आणि आयुष्यभर सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या त्या तोंडात एकच शब्द उरला. "हो." भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो. डोळ्यांवरून, आवाजाच्या चढउतारावरून थोरली अर्थ लावायची आणि निम्म्या वेळा चुकायची.

सकाळी उठून बाबांना उचलायचं, बसवायचं, पुसायचं, भरवायचं. दहाला कामाच्या मावशी यायच्या, एकपर्यंत थांबायच्या. त्यांच्या हातात घर देऊन ही इस्पितळात. तिथे ती कान तपासायची. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मग बाहेरच्या काचेतून बघत एकेक सूर बारीक बारीक करत न्यायचा. वीस वर्षं हेच. या कामानं तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. आवाज नसतानाही माणसं बटण दाबतात. लबाडीनं नव्हे. ऐकू यावंसं वाटतं, म्हणून येतं.

पाचला घरी परत, आणि पुन्हा उचलणं, बसवणं, पुसणं, भरवणं. यात आता एक पोपट.

२

पक्षीवाला सज्जन माणूस होता. नुकतं दाणे टिपायला शिकलेलं हिरवं पिल्लू त्यानं खोक्यात घालून दिलं आणि बोटांवर मोजत शिकवणीचा धडा सांगितला.

"पंखांची टोकं कातरली आहेत. उडणार नाही, फार तर फडफडत खाली येईल. रोज दोनदा बसायचं, दहा-दहा मिनिटं. आधी हातातून दाणा घेऊ दे. मग बोट पोटाशी न्यायचं आणि 'चढ' म्हणायचं. बोटावर चढला की अर्धं काम झालं. पुढचं काम माणसांची सवय लावायची. चष्मेवाली, टोपीवाली, उंच, बुटकी, सगळ्यांच्या हातावर गेला पाहिजे. एकाच माणसाचा झाला, तर बाकीच्यांना फोडून काढील."

पिंजरा बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी स्टुलावर ठेवला. समोरच्या भिंतीशी बाबांची खुर्ची. पिंजऱ्याची कडी चिवट होती. एका हातानं दाबून धरायची, दुसऱ्यानं उचलायची. थोरली रोज सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी चपला काढल्या काढल्या पिंजऱ्यासमोर बसायची. दाणा घ्यायला पोपट चार दिवसांत शिकला. पण बोट पुढे केलं की अंग चोरून मागच्या दांडीवर जाऊन बसायचा, तो बसायचाच. तीन आठवडे हा प्रकार. म्हणून त्याचं नाव पडलं ठोंब्या.

"चढ," ती म्हणायची. "चढ की. अरे चढ रे बाबा एकदाचा!"

"हो," मागून खुर्चीतून उत्तर यायचं.

त्यावर पहिल्यांदा ती हसली होती. नंतर हसायचंही राहून गेलं.

३

चौथ्या आठवड्यातला मंगळवार. त्या दिवशी तिनं सतरा जणांचे कान तपासले होते आणि पाठीत कळ येत होती. सवयीनं पिंजऱ्याची कडी उघडली, सवयीनं बोट पुढे केलं, आणि ठोंब्या चढला.

तिनं अजून 'चढ' म्हटलंही नव्हतं. एक पाय, मग दुसरा, शिस्तीत. बोट घट्ट धरलं, गोल फिरून तिच्याकडे पाठ केली, पुन्हा फिरला, आणि मान खाली घालून थांबला. आता मानेवर खाजवायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तिनं खाजवलं. फिरायला मात्र तिनं त्याला कधी शिकवलं नव्हतं.

"जमलं की रे गुणाच्या!" ती म्हणाली. खरोखर बरं वाटलं तिला. बऱ्याच दिवसांत कुणी काही आपण होऊन केलं नव्हतं तिच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तिनं मावशींना विचारलं, "तुम्ही काढता का याला बाहेर?"

"मी?" मावशींनी दोन्ही हात पदरात घेतले. "चोच बघा त्याची. मी त्या खिडकीकडे झाडायलासुद्धा लांबूनच जाते."

एक गोष्ट थोरलीला त्या आठवड्यात दिसत होती, पण बोचायला लागली ती नंतर. बोटावर चढला की ठोंब्या तिच्या तोंडाकडे बघायचा नाही. तो वर बघायचा. तिच्या डोक्याच्या वर हातभर, तिथं कुणाचा चेहरा असावा तसा. क्षणभर वाट बघायचा आणि मग गोल फिरायचा.

४

आणि एका संध्याकाळी तो बोलला.

थोरली स्वयंपाकघरात बाबांची पेज गार करत होती. बाहेरून आवाज आला. "शाब्बास."

जाड, खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज. घाई नसलेला. शेवटचा 'स' जरा लांबवलेला.

ती धावत बाहेर आली. बाबा खुर्चीत, डोळे उघडे. ठोंब्या दांडीवर. तिच्यासमोर त्यानं पुन्हा मान हलवून म्हटलं, "शाब्बास."

या घरात तो शब्द कुणी वापरत नसे. थोरली पहिली आली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, गणितात चार मार्क कुठे गेले. धाकटीच्या चित्राला बक्षीस मिळालं तेव्हा म्हणाले होते, चौकटीत नीट बसलं नाही. आणि हा पोपट शाब्बास म्हणत होता. कानाचं काम करणारी बाई ती. तिला कळत होतं की पोपटानं हा शब्द शंभर वेळा ऐकल्याशिवाय असा स्वच्छ उचलला नसता.

ती बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, तुम्ही बोलता त्याच्याशी? मी नसताना?"

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्ही शिकवलंत त्याला? शाब्बास म्हणायला?"

"हो. हो. हो."

कडी उघडायला दोन हात लागतात, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते बाजूला सारलं. खुर्ची डाव्या पायानं पिंजऱ्यापर्यंत रेटत नेली असेल. कडी दातांनी दाबली असेल. माणसाची इच्छा असली की काय होत नाही? तिनं धाकटीला फोन लावला, आणि दोघी बहिणी फोनवर रडल्या. धाकटी आनंदानं रडली. थोरली कशानं, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. त्यात थोडा हेवाही होता. बाबांना शाब्बास म्हणायला सापडला कोण, तर हा ठोंब्या.

५

रविवारी धाकटी आली, एकटीच, डबाभर खाऊ घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "चला बाबा, दाखवा तुमच्या विद्यार्थ्याची कमाल."

थोरलीनं ठोंब्याला बोटावर घेतलं आणि बाबांच्या डाव्या हाताजवळ नेलं. तो हात चांगला होता, थरथरतही नव्हता. ठोंब्यानं तो हात बघितला आणि पहिल्या दिवसासारखं अंग चोरलं. पिसं चापून बसवली, निम्म्यानं लहान झाला. थोरलीनं बोट आणखी पुढे केलं तसा कर्कश ओरडला आणि फडफडत जमिनीवर पडला.

"त्याला बाबांचा हात माहीतच नाही," धाकटी हळूच म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते आतल्या बोळाकडे बघत होते. बाहेरच्या खोलीतून एक अरुंद बोळ आत जायचा. डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला मोरी आणि अगदी टोकाला धाकटीची लग्नाआधीची खोली. तिच्यात आता जुन्या गाद्या, बाबांच्या डायपरचे गठ्ठे आणि न वापरलेली काठी, एवढंच. दार लोटलेलं असायचं.

"हो," बाबा म्हणाले. "हो, हो, हो." आवाज चढत गेला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला.

"तहान लागली असेल," थोरली म्हणाली आणि पाणी घेऊन आली. त्यांनी पाणी घेतलं नाही.

धाकटी तोवर खाली पडलेल्या पोपटामागे बोळातून आत गेली होती. ती टोकाच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तू याला इथं खायला घालतेस का?"

गाद्यांपुढच्या मोकळ्या फरशीवर दाण्यांच्या टरफलांचा सडा पडला होता. जुनी टरफलं खाली, ताजी वर. त्या सड्याच्या मध्येच दोन रिकाम्या जागा होत्या. समोर उभं राहून कुणी खायला घालावं आणि टरफलं त्याच्या पावलांवर पडावीत, तशा. थोरलीनं आपला पाय शेजारी ठेवून बघितला. रिकामी जागा तिच्या पायाहून बरीच लांब होती.

धाकटीनं केरसुणी आणून ते सगळं झाडून टाकलं. "तुझी ती मावशी कुणाला तरी घरात घेते," ती म्हणाली. "सरळ विचार तिला. भिडेत राहू नको."

६

सोमवारी थोरलीनं विचारलं. जमेल तितकं सरळ. मावशी आधी गोंधळल्या, मग दुखावल्या, मग खुर्ची ओढून बसल्याच.

"मी कुणाला घेणार ताई? मला वाटलं, ते तुमचेच कुणी."

"ते म्हणजे?"

"आतल्या खोलीतले." मावशींनी आवाज खाली आणला. "मी कधी बघायला गेले नाही हो. लोकांच्या घरी काम करायचं तर डोळे ताटात ठेवावेत. मला वाटलं असेल कुणी आजारी माणूस, तुम्हाला सांगायचं नसेल. स्वयंपाकघरात असले की ऐकू येतं. बोलतात पोपटाशी. हळूहळू, समजावून. एकदाही रागावले नाहीत बघा. ते शिकवत असले की मी भांडी वाजवत नाही."

"किती दिवस?"

"पोपट आला त्याच्या मागनं आठेक दिवसांत."

थोरलीनं मावशींना टोकाची खोली उघडून दाखवली. गाद्या, गठ्ठे, काठी. खिडकीला गज. मावशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हात धुतले, आपली पिशवी घेतली, आणि दारातून म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या आहात ताई. पण मी नाही यायची आता."

थोरली तिथेच बोळात उभी राहिली. एक तर या बाईला भास होतात, तिनं मनाशी मांडलं, किंवा शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येतो. भिंती पातळ असतात. पोपट भिंतीआडून शिकतो. टरफलं उंदीर नेतात. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. ती सगळी उत्तरं एकत्र बांधून ठेवायला मात्र जी ताकद लागते, ती तिच्यापाशी नव्हती.

७

बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साडेबाराला जिना चढून आली, चपला बाहेर काढल्या, आणि किल्ली इतकी हळू फिरवली की तिची तिलाच ऐकू आली नाही.

भर दुपार. खिडकीतून ऊन आत आलेलं. बाबा खुर्चीत होते, डोळे गच्च मिटून. पिंजऱ्याचं दार उघडं, पिंजरा रिकामा.

बोळातून ठोंब्या येत होता.

तो जमिनीवरून चालत नव्हता. उडतही नव्हता, पंख अंगाशी मिटलेले होते. माणसाच्या छातीच्या उंचीवर, काहीही नसलेल्या जागी तो बसला होता. पायांची नखं वळलेली, काहीतरी जाडसर धरल्यासारखी. आणि तो पुढे येत होता, किंचित वरखाली होत, कुणी हातावर पक्षी घेऊन सावकाश चालावं तसा. पाऊल वाजत नव्हतं. पिंजऱ्यापाशी तो थांबला. वर बघितलं. गोल फिरला. मग दांडीच्या उंचीला खाली आला, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि आत गेला.

कडी दबली, उचलली गेली, बसली.

थोरलीनं श्वास सोडला तेव्हा बाबांनी डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही, आणि ते "हो" म्हणाले नाहीत.

पाऊण तासात ती पक्षीवाल्याच्या दुकानात होती. बाबांजवळ वरच्या मजल्यावरच्या काकूंना बसवून आली होती. ठोंब्याला टेबलावर काढलं तेव्हा पक्षीवाल्याचं तोंड उजळलं.

"वा! अंग काय धरलंय यानं. किती नेटानं शिकवलंय, बघूनच कळतं. परत का देता?"

"मला होत नाही," ती म्हणाली. हे खरंच होतं.

पक्षीवाल्यानं बोट पुढे केलं. ठोंब्यानं त्याच्या बोटाचा असा लचका तोडला की रक्त आलं.

"एकाच माणसाचा झालाय," तो बोट चोखत म्हणाला, पण रागावला नाही. "आता तुम्हीही नका हात लावू. ज्यानं शिकवलं त्याला एकदा पाठवा. तो सोडवेल याची सवय."

थोरली मान हलवून बाहेर पडली.

८

त्यानंतर घर शांत झालं. खिडकीपाशी रिकामं स्टूल राहिलं. नवी बाई मिळेना. काकू दुपारी एकदा डोकावून बाबांना जेवायला घालायच्या आणि मोरीत नेऊन आणायच्या, बाकी वेळ बाबा एकटे. इस्पितळात सूर बारीक करता करता थोरलीचा डोळा लागायचा, आणि आतला माणूस काचेवर टकटक करायचा.

महिन्याभरानं ती बाबांना तपासणीला घेऊन गेली. इस्पितळातल्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांची उजवी मूठ उघडली, मिटली. बाबांनी ती स्वतः अर्धी उघडून दाखवली.

"अरे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी कोण करून घेतंय? फारच छान चाललंय. रोज, न कंटाळता, थोडं थोडं. घाई केलेली नाही अजिबात."

थोरलीनं बाबांकडे बघितलं. बाबा डॉक्टरीणबाईंच्या डोक्याच्या वर बघत होते.

त्या रात्री तिला झोप लागली. तिला वाटलं होतं, लागणार नाही. पण शरीराला काय, ते पडलं की गेलं. धाकटीला तिनं काही कळवलं नाही. टोकाच्या खोलीला कुलूप घालायचं ठरवलं, कुलूपही आणलं, आणि ते आठवडाभर पिशवीतच राहिलं. रोज काहीतरी जास्त गरजेचं निघायचं.

मग एका शुक्रवारी तपासणीचं यंत्र बंद पडलं आणि तिला चारलाच सोडलं. जिना चढून आली, किल्ली फिरवली, दार वीतभर उघडलं, आणि हात तसाच कडीवर राहिला.

बाबा उभे होते.

दोन वर्षं जो माणूस तिनं काखेत हात घालून उचलला होता, तो बोळाच्या तोंडाशी स्वतःच्या पायांवर उभा होता. उजवा हात, तोच मेलेला, खांद्याच्या उंचीला वर आला होता आणि हवेत कशावर तरी टेकला होता. त्या हाताची कातडी मनगटाशी जराशी दबलेली दिसत होती. त्यांनी डावा पाय उचलला, टाकला. उजवा फरफटत आणला. मग सबंध शरीर थरथरत त्यांनी गोल वळायला सुरुवात केली. पूर्ण वळले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. आणि त्यांनी तोंड वर केलं.

त्यांच्या तोंडावर भीती असती तर थोरली आत धावली असती. नक्की धावली असती. पण त्या चेहऱ्यावर ती कितीतरी वर्षांपूर्वी, प्रगतिपुस्तक हातात घेऊन, स्वतः जशी उभी राहिली होती, तसंच काहीतरी होतं. बाबा वाट बघत होते.

"शाब्बास," कुणीतरी म्हणालं.

थोरलीनं दार ओढून घेतलं. हळू, न वाजवता. आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

तिनं घाबरायचा प्रयत्न केला. भीती आली, पण गुडघ्यापर्यंतच. त्याच्या वर सगळा थकवा भरला होता, तिथं भीतीला जागा नव्हती. आत जायला हवं, हे तिला समजत होतं. आत गेलं की ते थांबेल. थांबलं की बाबा खाली कोसळतील. मग त्यांना उचलायचं. उद्या उचलायचं. परवा. तिनं आपले हात मांडीवर उपडे ठेवले. ते दुखत होते, आणि कुणी काही करायला सांगत नसल्यानं नुसते पडून होते.

वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन जिना चढत आल्या. "अगंबाई, बाहेर का बसलीस? किल्ली विसरलीस?"

"नाही काकू. आत बाबांचा व्यायाम चाललाय."

"हो का? बाई येते?"

"नाही," थोरली म्हणाली. "येतात एकजण."

तिनं त्याला मान देऊन टाकला, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या अंगावर काटा आला.

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चांगले आहेत का? म्हणजे, आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं तुला माहीतच आहे. पलंग सोडत नाहीत. मीच मरायला टेकलेय बघ उचलून उचलून. येतील का वरती? विचारशील?"

दाराआड एक पाऊल उमटलं. मग फरफट. पुन्हा पाऊल, पुन्हा फरफट, दरवाजाच्या दिशेनं. थोरलीचा कान आयुष्यभराचा तयार होता; त्यानं बिनचूक सांगितलं की आत चालणारा माणूस एकच आहे. चाल दारापाशी येऊन थांबली. आतून कुणी हलेना. पलीकडे कान देऊन उभं राहावं, तशी शांतता झाली.

"विचारते," थोरली म्हणाली.